अर्धा थेंब

उद्या अकराला पेपर, वाशीला.
तनिष्का कॉटवर मांडी घालून, प्रश्नांचा कागद हातात,
मी खाली फरशीवर, पाठ कपाटाला.
घणसोलीच्या या खोलीत आज रात्रीपुरती
आई ती आहे.

"मोल म्हणजे?"
सहा पूर्णांक शून्य दोन दोन, गुणिले दहाचा तेविसावा घात.
"कशाचे?"
कशाचेही.
"कशाचेही काय, आई? कण म्हण. मार्क जातील."
म्हणते. कण.

मग हुंडचा नियम.
इलेक्ट्रॉन आधी एकेकटे बसतात, ती सांगते,
बसमधल्या खिडकीच्या सीटा पकडल्यासारखे,
सगळ्या भरल्या की मगच कुणाच्या शेजारी.
आमच्या कंपनीच्या बसमध्ये असं नसतं गं,
अख्खी बस रिकामी असली तरी मंदाकिनी आणि फिरोजा
एकाच सीटवर, मध्ये एक डबा.
"मग तुमची बस चुकीची आहे."
असेल.

वारा फिरतो. रबाळ्याकडून वास येतो,
आंबट, घशात टोचणारा.
ती खिडकी लावायला उठते.
ॲसिटिक, मी म्हणते. आमचं नव्हे, शेजारच्यांचं.
"फॉर्म्युला?"
नाकाला येतो. हाताला लिहिताना
एक हायड्रोजन कुठेतरी पडतो.

अकरा वर्षं झाली मला रंगाच्या कंपनीत.
सात वर्षं ब्युरेट धुतले.
मग एकदा देवस्थळी सर फ्लास्क उजेडाला धरून म्हणाले,
लीलावती, हे गुलाबी झालंय का गं?
कधीच झालं होतं. पार जांभळट गेलं होतं.
सरांना फिकट गुलाबी दिसतच नाही,
हे त्या खोलीत फक्त मला माहीत.
तेव्हापासून थेंब मी सोडते.
शेवटी शेवटी तर अर्धाच,
टोकाला लोंबता ठेवायचा,
फ्लास्कच्या काचेला टेकवायचा,
आणि पिचकारीच्या पाण्यानं खाली उतरवायचा,
निजलेल्या पोराला काखेतून गादीवर ठेवावं तसा.
झालं सर, मी म्हणते.
सर आकडा लिहितात. खाली सही करतात.
ऑडिटवाल्या बाईंनी विचारलं, टायट्रेशन कोण करतं?
सर माझ्याकडे बघत राहिले
आणि मी फिनेलच्या बादलीकडे.
सहीला डिग्री लागते, बाई म्हणाल्या. वाईट नव्हत्या त्या.

बारा वाजून गेलेत. बफरवर आलोय.
थोडं ॲसिड घाला, थोडा अल्कली घाला,
पीएच फारसा हलत नाही.
"उदाहरण दे."
तुझी आत्या, मी म्हणते,
आणि दोघी तोंडावर उशी दाबून हसतो,
कारण आत्या पलीकडेच झोपलीय.

पान एकशे एक्केचाळीस.
बारीक अक्षरात, चौकटीत:
शेवटच्या बिंदूचा गुलाबी रंग काही वेळानं उडून जातो,
कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळतो.
मी परत वाचते.
मला वाटायचं तो लाजतो.
खरंच. फिरोजाला तसंच सांगितलं होतं मी,
तीस सेकंद थांब, मग बघ कसा लाजून जातो.
चार वर्षं रोज बघत होते
आणि तो आमच्याच श्वासानं जात होता,
फ्लास्कवर वाकून बघणाऱ्या आमच्या.

"आई, लिमिटिंग रिएजंट," ती पुटपुटते.
जो आधी संपतो तो.
उत्तर येईपर्यंत तीच संपलेली असते,
कागद गालाखाली, पेनाचं टोपण उघडं.
टोपण लावते. कागद तसाच राहू देते,
प्रश्न पाठ आहे मला.

दहा ग्रॅम हे, सहा ग्रॅम ते, तयार किती होईल?
दिव्याला ओढणी बांधून करते.
माझं येतं चार पूर्णांक दोन.
पुस्तकात चार पूर्णांक तीन.

कुठेतरी अर्धा थेंब जास्त पडलाय.
वही उलटी करून
पुन्हा समीकरणापासून.